खाल्ल्या मिठाचा सौदा

देवघेवीत मला फसवणारा अजून जन्माला यायचाय. मागच्याच बाजारी लंगडी शेळी देऊन अंड्यावर आलेली कोंबडी घेतली. परवा पहाटे ती आरवली. असो. मी सांगतोय ती गोष्ट माझी नाही, माझ्याहून मोठ्या शहाण्यांची आहे.

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक भोळा गडी होता. गावाचं नाव उंबरटेक, गड्याचं म्हाळू. गावात मिरची अशी पिके की नुसतं नाव घेतलं तरी ठसका लागावा. मीठ मात्र चिमूटभर नाही. ते यायचं खाडीकाठच्या खारवडीहून.

उंबरटेक तेव्हा सात गावांच्या जुटीत होतं. जुटीचा एक मध्यस्थ सगळ्यांचे सौदे करी. पोतंभर मिरचीला तीन पोती मीठ, चाळीस वर्षं ठरलेलं. एक दिवस बजाबा पाटील चावडीवर उठले नि गरजले, "आपली मिरची, आपला भाव! सोडा ती जूट!" सगळ्यांनी हात वर केले. काहींनी दोन्ही केले.

जूट सुटली. मग कळलं, सौदा करता येणारा गावात एकही नाही. घासाघीस म्हणजे भांड्यांची, एवढीच माहिती. त्यात मीठ संपलं. कैऱ्या उतरवून ठेवलेल्या. वेळेत मीठ आलं नाही तर गावाचं वर्षाचं लोणचं मातीत.

"खारवडीला कोण जातो?" पाटलांनी विचारलं. सगळ्या गावाची कंबर एकदम धरली. म्हाळूची तेवढी धरली नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाटील म्हणाले, "हे बघ, लगेच हो म्हणायचं नाही. तीनदा नाही म्हण, मग हो म्हण."

म्हाळू खारवडीला गेला. तिथले धोंडूशेट मिठागराचे मालक, माणूस अगत्याचा.

"या पाहुणे, बसा."

"नाही."

"पाणी तरी घ्या."

"नाही."

"मग गूळ आणू?"

"नाही."

"अहो, भांडायला आलात काय?"

"हो."

शेटच्या चार गड्यांनी त्याला वेशीपर्यंत पोचवला. पाय जमिनीला न लावता.

पाटलांनी कपाळ बडवलं. "अरे येड्या! कुणी प्रेमानं बोललं तर हो म्हणावं!"

"बरं," म्हाळू म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. दारावर म्हातारा राखणदार होता. त्यानं कालचा तमाशा बघितलेला. तो अगदी प्रेमानं म्हणाला, "लेकरा, शेट अजून तापलेत. आल्या पावली परत जा बाबा."

"हो," म्हाळू म्हणाला. आल्या पावली म्हणजे आल्या पावलीच. वाटेत धुळीत स्वतःची पावलं उमटलेली, त्यांच्यावर एकेक पाय ठेवत तो उलटा चालत निघाला. तिन्हीसांजेला गावात शिरला, आधी पाठ, मग तोंड. बायकांनी भूत समजून दारं लावली.

पाटलांच्या घरात कैऱ्यांना वास सुटायला लागला होता. पाटलीणबाई म्हणाल्या, "लोणचं गेलं तर वर्षभर तुमच्या ताटात तुमचं ते भाषण वाढीन." पाटील हादरले. म्हाळूला हाताशी धरून म्हणाले, "लेका, आता शेवटचं सांगतो. दार सोडू नकोस. जेवायला बसवलं तर पोटभर जेव. आणि सौद्याला बसलास की एकच ध्यानात ठेव, खाल्ल्या मिठाला जाग. बाकी काही नको."

या वेळी मिरचीच्या पाच गाड्या सोबत दिल्या, सौदा तिथल्या तिथं उरकावा म्हणून.

धोंडूशेटचाही राग निवला होता. मिरचीवाचून त्यांच्याही घरी कालवण पांचट झालं होतं. त्यांनी म्हाळूला पाटावर बसवला. कितीतरी दिवसांनी मिठाची आमटी जिभेवर पडली नि म्हाळूच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वाट्या प्याला.

मग सौदा. खारवडीत भाव बोलून ठरत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं, तितकी पोती मीठ, पोतंभर मिरचीला. शेटनी खुशीत म्हाळूची चार बोटं धरली. चार! जुटीतही कधी मिळाली नव्हती.

म्हाळूनं एक बोट हळूच काढून घेतलं.

शेट चपापले. नवीन डाव दिसतोय. म्हाळूनं दुसरं काढलं. मग तिसरं. शेटना घाम फुटला. असा कसलेला गडी त्यांनी बापजन्मात पाहिला नव्हता. शेवटी चौथंही निघालं. रुमालाखाली नुसती मूठ.

"अहो, एक पोतं तरी घ्या!" शेट काकुळतीला आले.

"नाही."

"अर्धं?"

"नाही."

"निदान पायली?"

"नाही."

"मग काय, फुकट देताय?"

"हो."

सौदा पक्का झाला. बारा वर्षांसाठी. शेटनाच लाज वाटली, म्हणून त्यांनी पळसाच्या पानात मूठभर मीठ बांधून दिलं.

गावानं पाच रिकाम्या गाड्या बघितल्या. पाटलांनी पुडी सोडली, मीठ बघितलं नि खाली बसले.

"हरामखोरा! खाल्ल्या मिठाला जाग म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"जागलो की, पाटीलबुवा," म्हाळू म्हणाला. "तीन आठवडे तुमच्या गावात अळणी गिळतोय. मीठ खाल्लं ते शेटच्या ताटात. तुमच्या कुठल्या मिठाला जागायचं होतं?"