भिंतीकडे वळलेला कॉर्नेट

सांतेपाड्यात लग्नाला आलेला पाहुणा पहिल्याच धुनेला बुचकळ्यात पडतो. बँडवाले सगळे मांडवाकडे तोंड करून उभे आणि छोटा पितळी कर्णा फुंकणारा कॉर्नेटवाला एकटाच भिंतीकडे वळलेला. रुसला की काय, असं वाटतं. मग पाड्यातला कुणी म्हातारा पाहुण्याला बाकावर बसवून इनास रुमावची गोष्ट सांगतो.

इनास मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवायचा. त्याचा कॉर्नेट म्हणे असा खणखणीत, की बाकीच्यांनी वाद्यं खाली ठेवावीत. एका रेकॉर्ड कंपनीने त्याच्या नावाची अख्खी तबकडी काढायचं ठरवलं. इनासने अट घातली: वादन सांतेपाड्यातच होणार आणि क्लॅरिनेट बस्त्याव मास्तरच वाजवणार. मास्तरांनी त्याला पहिला सूर शिकवला होता. आता त्यांची छाती पोखरली होती, मुंबईचा प्रवास झेपणारा नव्हता. त्यांचं वाजवणं त्यांच्याबरोबरच मातीत जाईल, या विचाराने इनासला चैन पडत नव्हतं.

कंपनीचे लोक आले. शाळेच्या खोलीत मायक्रोफोन लागला, तोही एकच. वाजवून पाहिलं, तर कॉर्नेटने क्लॅरिनेट पार गिळून टाकलेली. इनास मागे सरकत सरकत भिंतीपर्यंत गेला, तरी तेच. हळू वाजवावं, तर धुनेतला जीवच जायचा.

"म्हाताऱ्याला बसू दे," कंपनीचा साहेब म्हणाला. "लोक तबकडी तुझ्यासाठी घेणार."

मास्तर क्लॅरिनेट पेटीत ठेवू लागले. ते पाहून इनास तसाच वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"वाजवा, मास्तर," एवढंच म्हणाला. सगळी तबकडी तशीच वाजवली, असं सांगतात.

तबकडी घरी आली तेव्हा आईने कान लावून ऐकली. "तू कुठे आहेस रे यात?"

"मास्तरांच्या मागे." आपला कॉर्नेट इतका लांब गेलेला ऐकून त्यालाही वाईट वाटलंच, खोटं कशाला बोला! मास्तरांनी मात्र ती पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. पुढे थोड्याच दिवसांत ते गेले.

तबकडी खूप चालली. दूरदूरचे वादक म्हणे त्या लांबून येणाऱ्या कॉर्नेटवर लट्टू झाले, तसा सूर काढायला वर्षानुवर्षं खपले. इनासच्या शिष्यांनी सरळ भिंतच धरली.

आजही पाड्यात पहिली धून तशीच वाजते. नवरा स्वतः कॉर्नेटवाला असला, तरी त्याची सुटका नाही. तेवढा वेळ मांडवात कुणी बोलत नाही, पोर रडलं तर आई त्याला बाहेर नेते. मागे उभा राहिलेला माणूस ऐकू यायचा, तर पुढच्यांना गप्प बसावं लागतं.