निंबेळच्या बाजारातली अनवाणी वाट

ही हकिगत मला निंबेळच्या केरबा नानांनी सांगितली की त्यांच्या थोरल्या भावाने, हे आता खात्रीने सांगता येत नाही. त्या दिवशी मंगळवार होता आणि समोर बाजार भरला होता, एवढे पक्के आठवते. मधले काही तपशील पुढे इतरांकडून ऐकलेले असतील आणि माझ्या नकळत यात मिसळलेही असतील. बाजाराचे जे वर्णन करतो आहे ते मात्र कोणीही जाऊन पडताळून पाहावे.

कसबे निंबेळचा बाजार निंबेळात भरत नाही. गावच्या वेशीपासून पाऊण कोस पूर्वेला, गोरसाळे या लहान गावाच्या शिवेवर जो उघडा माळ आहे, तिथे तो भरतो. आसपासच्या चार कसब्यांचे बाजार एकत्र केले तरी या एका बाजाराची बरोबरी होत नाही, असे निंबेळकर सांगतात, आणि मोजदाद केली नसली तरी मला ते खरे वाटते. नवख्या माणसाला तिथे एक गोष्ट खटकते. बाजाराच्या मधून एक मोकळी पट्टी जाते. बैलगाडी जाईल एवढी रुंद, सरळ येऊन एकाएकी डावीकडे वळलेली. तिच्यावर कोणी पथारी टाकत नाही. पलीकडे जाणारा प्रत्येक जण कडेला थांबतो, पायातले काढून हातात घेतो, चार पावले अनवाणी टाकतो आणि मग पुन्हा घालतो. बायका, व्यापारी, बंदोबस्ताचा फौजदार, सगळेच.

"नाडीचा बूट घालणाऱ्यानं बाजाराला तासभर आधी निघावं," नाना म्हणाले, आणि माझ्या बुटांकडे बघून त्यांनी बसायला गोणपाट सरकवले.

या पट्टीला 'मायनाकाची वाट' म्हणतात. मायनाक हा निंबेळचा वेसकर, जातीने महार. गावाची शीव राखणे हे त्याच्या घराचे पिढीजात काम. किती वर्षांपूर्वीची गोष्ट, यावर एकमत नाही. कोणी दोनशे सांगते, कोणी अडीचशे.

त्या काळी सलग तिसऱ्या वर्षी पाऊस हुकला होता म्हणे. निंबेळच्या विहिरींना तळ लागला. ओढ्यात खड्डे खणून बायका वाटीवाटीने पाणी भरत. जिवंत पाणी उरले होते एकच, शिवेवरच्या उंबराखालचा झरा, उंबरपाणी. निंबेळ तीनशे घरांचे, गोरसाळे चाळीस झोपड्यांचे. झरा कोणाच्या हद्दीत, हा प्रश्न पूर्वी कोणाला पडला नव्हता, कारण पाणी दोघांना पुरत होते. तिसऱ्या वर्षी तो पडला. आधी घागरी फुटल्या, मग डोकी फुटली. शेवटी दोन्ही गावच्या पाटलांनी देवळात बसून ठरवले की शिवेचे दिव्य करायचे.

हे दिव्य असे होते. शीव जाणणाऱ्या माणसाने आंघोळ करून, डोक्यावर ओले कातडे आणि त्यावर शिवेच्या मातीचे ढेकूळ घेऊन चालायचे. तो चालेल ती शीव. तो खोटा चालला, तर चाळीस दिवसांत त्याच्या घरात काहीतरी वाईट घडणार, अशी सगळ्यांची पक्की समजूत. एरवी दोन्ही गावचे वेसकर मिळून चालायचे. पण गोरसाळ्याचा वेसकर आदल्या साली पटकीने गेला होता आणि मागे शीव जाणणारे कोणी उरले नव्हते. मायनाकाचा शब्द मोडत नाही हे पंचक्रोशीला ठाऊक होते, म्हणून गोरसाळ्याचे शेकोजी पाटील म्हणाले, "तुमचाच माणूस चालू द्या. आम्हास कबूल."

निंबेळचे रायाजी पाटील मनातून हसले असतील. मायनाक त्यांचा. आणि त्याला चार वर्षांपासून डोळ्यांनी दिसत नव्हते.

दिव्याच्या आदल्या दिवशी रायाजी पाटलांनी मायनाकाला चावडीसमोर बोलावले.

"जोहार, पाटील."

"मायनाका, उद्या तू गावाचं तोंड. अनवाणी नको जाऊस. ह्या घे." आणि त्यांनी कोऱ्या करकरीत वहाणांचा जोड त्याच्यापुढे ठेवला.

पाटलापुढे वहाणा घालून उभे राहण्याची मायनाकाच्या घरात कोणाची छाती नव्हती, परवानगी तर नव्हतीच. आणि इथे पाटील स्वतः देत होते. मायनाकाने वहाणा चाचपल्या. तळ दुहेरी होता, बोटभर जाड.

घरी आल्यावर बायकोने, सोनाईने, त्या हातात घेऊन वाजवून पाहिल्या. "अगं बया, किती करकरत्यात ह्या! उद्या देव दचकून उठायचा."

"सोने, ह्या मानाच्या न्हाईत," मायनाक म्हणाला. "ह्या माझं पाय बांधायला दिल्यात."

तो शीव तळपायांनी ओळखत होता. निंबेळची काळी कुठे संपते, मुरूम कुठे लागतो, पुरलेल्या शिवधोंड्याचे टोक किती वर आले आहे, हे त्याच्या बापाने त्याला अनवाणी फिरवून शिकवले होते. डोळे गेल्यावरही तो रोज शीव फिरून येई. पण बोटभर जाड तळातून माती काय बोलणार? वहाणा घालून चालला असता, तर पुढे हलगी वाजेल तिकडे तो गेला असता. आणि हलगीवाल्याला सांगून ठेवले होते, सरळ चल, उंबर डाव्या हाताला ठेव. म्हणजे झरा निंबेळचा, आणि मायनाक जाणूनबुजून खोटा चाललाही नाही. रायाजी पाटलांना हा तोडगा सगळ्यांच्या भल्याचा वाटला असावा. ते वाईट नव्हते, असे नाना दोनदा म्हणाले. तीनशे घरांची तहान त्यांच्या डोक्यावर होती.

"मग खरी शीव कुठनं जाती?" सोनाईने विचारले.

"उंबराच्या अलीकडनं वळती. पाणी गोरसाळ्याचं हाय."

आत सून बाळंतपणाला टेकलेली होती. "खोटं चाललास तर चाळीस दिसांत पोरीचं काय हुईल? आन खरं चाललास तर गाव आपल्याला ऱ्हाऊ दील?"

"तेच मोजतोय मी."

"आन मी एक मोजू?" सोनाई म्हणाली. "त्या पान्याला आपला हात कंदी लागलाय? झऱ्याच्या वर बसायचं, कुनी मायेचं आलं तर वरनं घागरीत वततंय, न्हाई आलं तर दीस जातोय. निंबेळचं असू दे न्हाई तर गोरसाळ्याचं. आपल्याला दोन्हीकडनं वरनंच."

मायनाकाने यावर काय उत्तर दिले ते कोणी सांगत नाही.

सकाळी दोन्ही गावे माळावर जमली. मायनाक आंघोळ करून आला, अंगावर पांढरे धोतर, पायात कोऱ्या वहाणा. गोरसाळ्याच्या घोळक्यातून कोणीतरी ओरडले, "आरं, नवरदेव निघाला! वऱ्हाड कुठाय?" लोक हसले. गुरवाने त्याच्या डोक्यावर ओले कातडे ठेवले, त्यावर ढेकूळ ठेवले. पहिल्या शिवधोंड्यापाशी मायनाक थांबला. एका हाताने ढेकूळ धरून त्याने एक पाय वर केला, वहाण काढली. मग दुसरी.

"मायनाका, हे काय?" रायाजी पाटील पुढे आले.

"पाटील, तुमचा मान माझ्या डोस्क्यावर. पन देवाच्या कामाला वहाना कशाला? माती इटाळंल." त्याने वहाणा सोनाईच्या दिशेने सरकवल्या. हलगीवाल्याला म्हणाला, "बाबा, तू वाजीव, पन माज्या मागनं चाल. पुढं ऱ्हाऊ नगंस."

तो चालू लागला. माती चैतातली, तापलेली. पाऊल टाकण्याआधी तो अंगठ्याने पुढची जागा चाचपे, मग भार देई. मागे दोन गावे, सात-आठशे माणसे, आणि हलगीखेरीज आवाज नाही. उंबर दिसू लागला तशी निंबेळची माणसे पुढे पुढे सरकू लागली. उंबर दोनशे पावलांवर असताना मायनाक थबकला. उजव्या पायाखाली मुरूम लागला होता. त्याने डावा पाय बाजूला टाकला. काळी. पुन्हा उजवा. मुरूम.

त्या क्षणी त्याच्या मनात काय होते, हे सांगताना नानांचा आवाज खाली आला. पुढे सरळ दोनशे पावले टाकली असती तर जगात एकालाही कळले नसते. गोरसाळ्याचा जाणता माणूस मेलेला, पाटील खूश, गाव खूश. कळले असते ते फक्त त्याच्या पायांना. घरात पोटुशी सून होती. आणि खरे चालले तर उद्या सकाळी निंबेळच्या तीनशे घरांना तो कोणत्या तोंडाने जोहार घालणार होता?

तो डावीकडे वळला.

"वाट चुकलास, मायनाका!" मागून रायाजी पाटलांचा आवाज आला.

मायनाक थांबला, पण वळून पाहिले नाही. डोक्यावर ढेकूळ होते. "चुकलो आसंन तर माज्या घरावर यीऊ द्या, पाटील. चाळीस दीस लांब न्हाईत." आणि तो चालत राहिला, झऱ्याला अलीकडून वळसा घालून, पार ओढ्याच्या काठापर्यंत. तिथे त्याने ढेकूळ उतरवले. उंबरपाणी गोरसाळ्यात गेले.

निंबेळच्या घोळक्यात काठ्या वर झाल्या. इथे रायाजी पाटलांनी जे केले ते निंबेळकर छाती फुगवून सांगतात, आणि मलाही सांगताना बरे वाटते. ते मधे जाऊन उभे राहिले. "काठ्या खाली! देवळात बसून कबूल केलंय. निंबेळनं कबूल म्हटलं म्हंजी कबूल." मग मायनाकाकडे न पाहता, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "वहाणा मी दिल्या होत्या. त्याच्या पायांपेक्षा मला माझ्या अकलेचा भरवसा जास्त वाटला."

शेकोजी पाटलांच्या डोळ्यांत पाणी आले होते म्हणे. ते म्हणाले, "मायनाका, माग. बिघाभर जमीन देतो गोरसाळ्यात."

मायनाकाने मान हलवली. "जमीन नगं. एक मागतो. झऱ्याला कुनाचाबी हात लागू दे. निंबेळचा, गोरसाळ्याचा, माजा, माज्या सोनीचा."

आता गोरसाळ्याच्या घोळक्यातही कुजबुज सुरू झाली. खरे बोलणाऱ्याला जमीन देणे सोपे होते. शेकोजी पाटलांनी आपल्या माणसांकडे पाहिले, उंबराकडे पाहिले. "रोज जमायचं नाही, मायनाका. माझं गाव मोडेल. आठवड्यातनं एक दिवस. सूर्य उगवल्यापासनं मावळेस्तोवर."

"कंचा?"

"तू सांग."

"मंगळवार," मायनाक म्हणाला. निंबेळचा बाजार मंगळवारी भरे, पण तो तेव्हा गावात, वेशीच्या आत भरत होता. पाणी नव्हते म्हणून त्या सालात व्यापारी यायचे बंद झाले होते. मंगळवारी शिवेवर पाणी सगळ्यांना खुले आहे हे कळल्यावर बैल घेऊन येणारे, मिरची घेऊन येणारे, घोंगड्या विकणारे धनगर, सगळे उंबरपाण्याच्या आसपास उतरू लागले. दोन महिन्यांत निंबेळचा बाजार आपल्या पायांनी वेशीबाहेर चालत शिवेवर आला आणि तिथेच राहिला. पाऊस पडल्यावरही परत गेला नाही. आसपासचे दोन कसबे त्या दुष्काळात उठले ते पुन्हा वसले नाहीत. निंबेळ राहिले. ते या बाजारावर राहिले, असेच सगळे मानतात.

ते चाळीस दिवस दोन्ही गावे मायनाकाच्या झोपडीकडे बघत होती. एकोणतिसाव्या दिवशी सून बाळंत झाली. मुलगी झाली, धडधाकट. सोनाई म्हणे त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी तिला झऱ्यावर घेऊन गेली आणि आपल्या ओंजळीने तिच्या ओठांना पाणी लावले. आजूबाजूला घागरी घेतलेल्या बायका उभ्या होत्या. कोणी सरकले, कोणी सरकले नाही. आठवड्यातला एकच दिवस का, हे विचारायला मात्र निंबेळला पुढची दीडशे वर्षे लागली, हेही सांगायला हवे. अभिमानाच्या भरात ते सांगायचे राहून जाते.

आजही मंगळवारी मायनाकाच्या वाटेवर कोणी पथारी टाकत नाही, आणि वहाणा हातात घेतल्याशिवाय ती ओलांडत नाही. उंबरपाण्याला आता आठही प्रहर, सातही दिवस कोणाचाही हात लागतो. नळ आले तरी बाजाराच्या दिवशी लोक तिथलेच पाणी पितात. नाना म्हणाले, त्याला चव निराळी आहे. मी प्यालो. मला चव कळली नाही, पण तो माझ्या जिभेचा दोष असेल.

त्यानंतर मी बरीच वर्षे या गोष्टीबद्दल साशंक होतो. एका वेसकराने जमीन नाकारावी, पाण्यावर हक्क मागावा आणि पाटलाने तो द्यावा, हे सगळे गावाने मागाहून स्वतःला शोभेल असे रचले असेल, असे मला वाटे. मी ते कुठेही लिहिले नाही, छापले नाही, ते त्याचमुळे. मग अकरा वर्षांनी गोरसाळ्याच्या पाटील घराण्यातल्या एका गृहस्थांनी घर बदलताना निघालेले काही मोडी कागद वाचून देण्यासाठी माझ्याकडे आणले. त्यांत त्या दिव्याचा कागद होता. मायनाक चालला ती शीव कबूल, मंगळवारी उंबरपाण्यास कोणासही मनाई नाही, एवढाच मजकूर. खाली दोन्ही गावच्या निशाण्या. असे कागद मी आयुष्यभर वाचत आलो आहे. त्यांत सहीऐवजी काढलेला पाटलाचा नांगर सर्वांत वर असतो, मग बलुतेदारांच्या निशाण्या, आणि महाराचा विळा-दोर तळाशी, कोपऱ्यात, कुठे जागा उरली असेल तिथे. मी कागद उलटा तर धरला नाही ना, म्हणून खिडकीपाशी नेऊन दोनदा पाहिला. उलटा नव्हता. विळा-दोर सर्वांत वर होता आणि दोन्ही पाटलांचे नांगर त्याच्या खाली.