सावळाबाचं दुसरं टोक

फार फार वर्षांपूर्वी, वाखेडीच्या ओढ्यावर अजून पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. ओढ्यापलीकडे, वेशीबाहेर, एका कडुनिंबाखाली सावळा नावाचा दोर वळणारा राहायचा. त्याच्या हातचा दोर चार पावसाळे टिकायचा. गावाला तो दोर आडावर चालायचा, बैलाच्या गळ्यात चालायचा, देवळातल्या घंटेलाही चालायचा. सावळा मात्र अंगणात चालायचा नाही. तेव्हाची माणसं तशी होती. शहाणपण त्यांच्यापाशी होतं, पण ते खुंटीला टांगून वागायची.

आता दोर वळणं हे काही एकट्याचं काम नाही. अंबाडीचे पदर एका बाजूला लाकडी फिरकीला अडकवायचे, आणि दुसरं टोक पन्नास हातांवर कोणीतरी अंगाचा भार मागे टाकून ताणून धरायचं. ताण सुटला की दोराला गाठी पडतात. पीळ बसत जातो तसा दोर आखडतो आणि धरणारा पाऊल पाऊल पुढे येतो. सावळाचं दुसरं टोक त्याची बायको भिमाई धरायची.

गिऱ्हाईक आलं की सावळा एकच विचारायचा, "किती हात?" बापाने त्याला तेवढंच शिकवलं होतं. आपण दोर वळावा, पुढचं घेणाऱ्याने बघावं. एका उन्हाळ्यात लांबच्या वाडीवरचा एक अबोल माणूस आला. सावळाने विचारलं, किती हात. त्याने सांगितलं, सावळाने दिला. तो माणूस घरी परतला नाही. सावळाला कोणी बोल लावला नाही, पण त्याने स्वतःला लावला. असं म्हणतात की त्यानंतर तीन महिने त्याच्या हातचा पीळ टिकेना. सकाळी वळलेला दोर संध्याकाळी आपोआप उकलायचा.

पुढे काही वर्षं गेली. पोळ्याला आठ दिवस उरले होते. भर दुपारी कोष्ट्यांची सून भागाई ओढा उतरून निंबाखाली आली. तिचं तान्हं पोर देवीच्या साथीत गेलं, त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षभर ती धड बोलली नव्हती, जेवली नव्हती. सासूने अंगारे लावले, लिंबं उतरवली. शेजारणी म्हणायच्या, दुसरं झालं की विसरेल. जसं काही पोर म्हणजे फुटलेलं मडकं. तुला काय होतंय, हे मात्र तिला कोणी विचारलं नाही.

"सावळा, दोर पाहिजे," ती म्हणाली.

"किती हात" हे शब्द सावळाच्या ओठांवर आले आणि त्याने ते गिळले. "कशाला पाहिजे, माय?"

"आडावर."

कोष्ट्यांच्या आडाचा दोर सावळानेच महिन्यापूर्वी दिला होता. आपला दोर महिन्यात तुटत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? निंबाच्या फांदीवर तीन तयार दोर टांगलेले होते आणि भागाईची नजर त्यांच्यावर होती.

"ते इकलेत," सावळा म्हणाला. सावळा जन्मात खोटं बोलला नाही असं म्हणतात. या एका दुपारपुरतं ते सोडून द्या. "नवा वळावा लागंल. भिमाईचे हात भरून आलेत. तू टोक धर."

भिमाईच्या हातांना काहीएक झालं नव्हतं. पण तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, टोक भागाईच्या हातात दिलं आणि कण्हत कण्हत घरात गेली.

फिरकी फिरू लागली. ही टोक टाकून निघून गेली तर काय, एवढंच सावळाच्या मनात होतं. तिकडून भागाई काहीतरी पुटपुटली.

"ऐकू येत न्हाई, माय. मोठ्यानं बोल."

ती जरा मोठ्याने बोलली.

"आजून मोठ्यानं. आन् ताण सोडू नको."

तेव्हा वर्षभर जे ती उशीतही बोलली नव्हती, ते भागाई भर उन्हात ओरडून बोलली. पोराचं नाव घेतलं. सासरी त्या नावाला बंदी होती. त्याचा ताप, आपला डोळा लागला ती घटका, जागी असते तर वाचला असता, आता मला जगायचं नाही, सगळं सगळं. ती रडली, पण टोक सोडलं नाही. भार मागे टाकलेला असताना टोक सोडलं की माणूस पडतो. सावळाने उपदेश केला नाही. तो "हं" म्हणत फिरकी फिरवत राहिला. एरवी पन्नास हातांचा दोर वळून पस्तीस हातांचा होतो. त्या दिवशी मात्र तो आखडतच गेला, आणि दिवस कलला तेव्हा हातभर उरला, असं म्हणतात. भागाई सावळाच्या समोर उभी होती. शिवाशिवीचं अंतर कधी सरलं ते दोघांनाही कळलं नाही.

"डोळा समद्यांचाच लागतो, माय," सावळा म्हणाला. "मीबी एका माणसाला इचारायला चुकलो होतो." आणि त्याने तिला ती गोष्ट सांगितली. मग म्हणाला, "गावाच्या बैलांचे दोर राहिलेत. उद्या ये."

"येते, सावळाबा," भागाई म्हणाली. गावातल्या कोणी त्याला 'बा' म्हटलं ते पहिल्यांदा.

भिमाई तिला घरापर्यंत पोचवायला गेली आणि अंगणाबाहेरूनच सासूला म्हणाली, "हिला एकटीला सोडू नगा. आन् पोराचं नाव घिऊ द्या." सासूनेच आधी नातवाचं नाव घेतलं, आणि दोघी उंबऱ्यात बसून रडल्या.

भागाई रोज निंबाखाली गेली. दुःख गेलं नाही, असं दुःख जात नसतं. पण दिवाळीला तिच्या मागाचा आवाज गल्लीला ऐकू आला. तिच्यामागून झोप न येणारा पाटील आला, कोणाशी न बोलणारा गुरव आला. तो हातभर दोर सावळाबाने निंबाच्या खोडाला बांधला. एवढ्याशा दोराने कोणाच्या जिवाला काही होत नाही.

आजही वाखेडीत पोळ्याआधी सगळा गाव निंबाखाली जमून एक दोर वळतो. दुकानात हल्ली नायलॉनचा दोर मिळतो, पण दुकानदार किती मीटर ते नंतर विचारतो. आधी विचारतो, "कशाला पाहिजे?" उत्तर पटलं नाही तर दुकान बंद करून गिऱ्हाइकासोबत चहाला बसतो. दर मंगळवारी तालुक्याहून समुपदेशन करणाऱ्या बाई येतात. शाळेत खोली असूनही त्या निंबाखालीच बसतात. त्यांच्याकडे जाणारा तोंड लपवत नाही. कुठं निघालास म्हटलं तर सरळ सांगतो, "टोक धरायला माणूस पाहिजे."

आणि विचारणारा हातातलं काम खाली ठेवतो. म्हणतो, "चल. निंबापर्यंत मी धरतो."