मधला पाट

“खांब आणखी उंच करू का, माई?”

श्रीरंगने नकाशा मठातल्या अंबामाईंपुढे पसरला. होडी बुडून गेलेल्यांचं स्मारक खाडीच्या धक्क्यावर व्हायचं होतं. बांधणारा श्रीरंग. गेलेल्यांत त्याचे बाबाही होते.

मठात सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. माई पंगतीच्या पाटांभोवती रांगोळी घालत होत्या.

“उंच कशाला रे?”

“लांबून दिसायला हवा. गावाने विसरता कामा नये.”

“आई काय म्हणाली?”

श्रीरंगची मान खाली गेली.

“ती त्या दिवसापासून धक्क्यावर फिरकलीच नाही. नकाशा बघून म्हणाली, ‘छान आहे. पण यात तुझे बाबा कुठे आहेत?’ ... मी तिला तिथे आणणारच, माई. म्हणून तर उंची...”

“म्हणजे तिने आभाळाकडे बघत बाबांना शोधायचं?”

श्रीरंगने नकाशावरच्या खांबावरून बोट फिरवलं.

“आणि खांब रोवणार कुठे?”

“होडीची वाट बघत लोक बसायचे ना, तो जुना कट्टा पाडून.”

माई उठल्या, पंगतीतला मधला एक पाट उचलून त्यांनी भिंतीशी उभा केला. रांगोळी तशीच राहिली.

पंगत बसली. शेजारचे दोघे सरकून बसले नाहीत. वरण वाढणारी तिथवर आली, थबकली, मग हळूच पुढे गेली. गप्पा तेवढ्यापुरत्या थांबल्या.

“एक जागा आहे बघ, श्रीरंग. बस जेवायला.”

तो गेला. रांगोळीच्या काठाशी पाऊल उचललं... आणि मागे घेतलं.

“का रे? मोकळीच तर आहे.”

“नाही बसवत, माई. कोणीतरी यायचं राहिलंय, असं वाटतं.”

“कोण?”

श्रीरंगची नजर रांगोळीतल्या मोकळ्या जागेवरून नकाशाकडे गेली.

श्रीरंगने नकाशा गुंडाळून काखेत मारला.

“अरे, जेवून तरी जा!”

“गवंडी कट्ट्याला हात लावतील, त्याआधी त्यांना थांबवतो. खांब नको, माई. कट्टा राहील. बाबा जिथे बसायचे ती जागा राहील, बाकीच्यांच्याही राहतील. भोवती दगडाची नुसती कड. आत काही नाही.”

“आणि आई नाही आली तर?”

“रोज विचारीन. येईपर्यंत विचारीन.”

माईंनी रांगोळीचा डबा त्याच्या हातात दिला.

“विचारू नकोस. हा नुसता तिच्या हातात ठेव. बाबा कट्ट्यावर कुठे बसायचे, ते तिला ठाऊक आहे.”