सपाटीवरचा दुसरा गिअर

एकदा एक ट्रक जांभ्या चिऱ्यांनी काठोकाठ भरून कोकणातून घाटाच्या पायथ्याशी आला. स्टिअरिंगवर बसले होते गेनूनाना; चाळीस वर्षे घाट चढून-उतरून मुरलेले. शेजारी त्यांचा शिष्य अंकुश. त्याचे लक्ष मात्र गाडीत नव्हते. घाटमाथ्यावरच्या गावात त्याच्या बायकोचे, वैजयंताचे माहेर होते. सहा महिन्यांपूर्वी रागाच्या भरात हा म्हणाला, "जा माहेरी!" आणि ती खरेच गेली. तेव्हापासून याला घर खायला उठत होते. तीनदा दारात जाऊन "चल, आत्ताच्या आत्ता!" म्हणून आला, तिन्ही वेळा ती न बोलता आत निघून गेली.

चढाआधीच्या सपाट रस्त्यावर सगळे चालक गाडी दामटतात. नानांनी तिथेच दुसरा गिअर टाकला.

"अहो नाना, सपाटीला दुसरा? लोक हसतील!" अंकुश वैतागला. "दाबा की जरा, मला पोचायचंय!"

नानांनी गिअर बदलला नाही. मागचा एक ट्रक हॉर्न ठोकत सुसाट पुढे गेला.

तिसऱ्या वळणावर तोच ट्रक धापा टाकत बंद पडलेला दिसला. चालक चाकामागे दगड लावत होता. नाना त्याच्या शेजारून मुंगीच्या पावलांनी वर गेले. मग बोलले.

"त्याचं इंजिन काही आपल्याहून कमी नाही, बाबा. पण त्यानं वरच्या गिअरात घाट घेतला. धावेच्या जिवावर दोन वळणं निभतात. धाव सरली की सगळं ओझं इंजिनावर येतं आणि ते गुदमरतं. खालच्या गिअरात इंजिन मोकळं फिरतं, चाक हळू चालतं, पण ओझं ओढतं. तुझं तसंच झालंय. माया उदंड आहे रे तुझी! पण दारात उभा राहून एकदम टॉप गिअर टाकतोस. सहा महिन्यांचा चढ आहे तो."

अंकुशच्या डोळ्यांत पाणी आले. "मला ती हवी आहे, नाना."

"मग चल म्हणू नकोस. नुसता बस."

गावात नानांनी ट्रक थांबवला. वैजयंता ओट्यावर शेंगा फोडत होती. अंकुश समोर बसला आणि शेंगा फोडू लागला. "चल" हा शब्द दहादा ओठांवर आला, दहादा त्याने गिळला. टोपली निम्मी झाली तेव्हा म्हणाला, "त्या दिवशी चुकलो मी." ती शेंगा फोडत राहिली. तो उठला, तेव्हा मान खाली घालूनच म्हणाली, "पुढच्या खेपेला जेवून जा."

अंकुश धावतच आला. "नाना, जेवायला बोलावलंय! येणार ती, नक्की येणार! हाणा आता टॉप!"

समोर घाटाचा पलीकडचा उतार सुरू होत होता. नानांनी पुन्हा दुसराच टाकला.

"ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं. चढाला गाडी नुसती बंद पडते. दरीत जाते ती उताराला. ती घरी आली ना, की उतार लागेल, जीभ पुन्हा सुसाट सुटायला बघेल. तेव्हा हा दुसरा गिअर आठव."

अंकुशने आरशात पाहिले. वैजयंता अजून ओट्यावर उभी होती. ती दिसेनाशी होईपर्यंत तो पाहत राहिला, आणि नानांना घाई करा म्हणाला नाही.