ओरडण्याची परवानगी

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका जंगलात एक गवा राज्य करीत असे. अंगाने धिप्पाड, पण मनाने फार मऊ. कुणाचे डोळे भरून आलेले त्याला बघवत नसत. त्या जंगलात एक जुनी रीत होती. झाडाच्या शेंड्यावर वानर बसे आणि खाली हरणे चरत. बिबट्याची चाहूल लागली की वानर ओरडे आणि हरणे धूम ठोकत. कधी कधी नुसतीच पानांची सळसळ असे, तरी वानर ओरडे आणि सगळ्यांची पळापळ होई.

एक हरिणी नुकतीच व्यायली होती. पाडसाला धड दूध पाजायलाही तिला उसंत मिळेना. ती रडकुंडीला येऊन गव्याकडे गेली. "महाराज, या वानराने जीव नकोसा केलाय. माझं पिल्लू उपाशी राहतंय." मुलांनो, तिचे तरी काय चुकले? थकलेली आई दुसरे काय बोलणार? गव्याने तिथल्या तिथे हुकूम काढला, "यापुढे वानराने आधी मला येऊन सांगायचं. मी खात्री करीन, मगच ओरडायचं." वानर म्हणाला, "महाराज, तेवढा वेळ बिबट्या थांबेल का?" पण सगळी हरणे खुशीत माना डोलवत होती. त्याचे बोलणे कुणी मनावर घेतले नाही.

काही दिवस खरोखरच सुखात गेले. पाडस अंगाने भरले. मग एका दुपारी वानराला गवतात ठिपके हललेले दिसले. तो धापा टाकत गव्याकडे गेला.

"नीट पाहिलंस ना? सावल्या नव्हत्या ना त्या?"

"सावल्याही असतील, महाराज."

"मग एकदा पुन्हा बघून ये."

वानर परत पोचला तेव्हा गवत तुडवलेले होते आणि हरिणी एकटीच उभी होती.

वानराकडून ते ऐकताच गवा धावत हरिणीकडे आला. "तुझ्या भल्यासाठीच केलं गं मी."

"ठाऊक आहे, महाराज," हरिणी म्हणाली. "मीच तर मागितलं होतं. पण झाडावर तुम्हीही नव्हता आणि मीही नव्हते."

गव्याने त्याच क्षणी हुकूम मागे घेतला. वानर पुन्हा शेंड्यावर जाऊन बसू लागला. पण पुढच्या वेळी बिबट्या आला, तेव्हा ओरडण्याआधी तो थांबला आणि झाडाखाली उभ्या असलेल्या गव्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"अरे, ओरड ना," गवा कळवळून म्हणाला.

तात्पर्य : राजाचे मन कितीही चांगले असो, ज्याला धोका दिसतो त्याचे तोंड त्याने बंद करू नये. हुकूम मागे घेता येतो. गेलेले पाडस आणि खचलेला धीर परत आणता येत नाही.