वाजवून केलेली मोजणी

त्या राज्यात हाडं वाजवून मोजत. मोजणीचं काम बोटाकडे होतं. ते प्रत्येकाच्या दारात जाऊन टकटक करी. जे खणखणीत वाजलं ते यादीत गेलं, जे मऊ लागलं ते राहिलं. राज्य कोवळं असताना पहिली मोजणी झाली, तेव्हा पावणेतीनशे भरली होती. राज्य वाढलं, दुसरी मोजणी झाली, आणि भरली दोनशे सहा.

मधली जवळपास सत्तर गेली कुठं, ते कुणालाच सांगता येईना. मग जो तो दुसऱ्याकडे तिरकं बघू लागला. बरगड्या एकमेकींपासून अंतर राखून बसू लागल्या. कमरेखालच्या हाडाची पाठ एवढी रुंद कशी झाली, यावर मणक्यांत कुजबुज सुरू झाली. राज्याचा मालक म्हणजे कपाळ. ते सगळ्यांच्या वर बसून एवढंच म्हणे, की चोर घरातलाच आहे.

उजव्या गुडघ्यावर एक जाड शीर राहत होती. शीर म्हणजे दोरच, हाडांत तिची गणती नव्हती. पण तिच्या पोटात तिची मुलगी होती, वाटी. बोटाची चाहूल लागली की शीर तिला गच्च धरी, वाजू नको गं म्हणे. वाटी आता मऊ राहिली नव्हती. चोर शोधायला बोट पुन्हा दारोदार निघालं, त्यानं टकटक केली आणि ती वाजली.

"ही कुठली?" बोटानं विचारलं. "जुन्या यादीत नाही ही."

"इथलीच आहे, दादा. तेव्हा मऊ होती, म्हणून वाजली नाही."

"असं सगळेच सांगतात." लांब, आखूड, चपटी, वेडीवाकडी अशा चार रांगा होत्या. बोटानं वाटीला चारही रांगांना लावून बघितलं. ती कशातच बसेना. "दोराच्या पोटी हाड झालेलं मी तरी ऐकलं नाही, बाई."

सत्तर जातात आणि ही एकटी येते, तेव्हा हिचाच हात असणार, असं ठरलं. सकाळी वाटीला उपटून बाहेर काढायचं होतं. शीर म्हणाली, आधी मला कापावं लागेल. कुणी लक्ष दिलं नाही. डाव्या गुडघ्यावरच्या शिरेनं तर तोंडच फिरवलं. तिच्याही पोटात एक होती.

कपाळाचा बोटावरही भरवसा नव्हता. चोराचं तोंड आपणच बघावं म्हणून सकाळी ते स्वतः निघालं. पाठ वाकली, मान झुकली, आणि कपाळ गुडघ्यावर येऊन टेकलं.

वाटीनं मालकाला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "यांना मधोमध कुणी शिवलंय?"

शिरेनं तिला आवळून धरलं. पण बोटानं ऐकलं होतं. त्यानं जुनी यादी उघडली. पहिल्याच पानावर, अगदी वर, दोन नावं होती: डावं कपाळ, उजवं कपाळ. दोन्ही वेगवेगळी वाजलेली. नव्या यादीत एकच कपाळ होतं.

बोट उठलं. मधल्या पुसट शिवणीपर्यंत गेलं, आणि टकटक न करता तिथंच थांबलं. मागं कमरेखालच्या हाडानं पाठीवरच्या जोडाच्या चार आडव्या रेघा हळूच अंगाखाली घेतल्या.

कपाळ हललं नाही. त्याचा सगळा भार वाटीवर होता, आणि शीर श्वास रोखून तो पेलत होती.